काय सोडायचं ते रोडेलदादाला विचारा

१६ जून
मनिलाला चौथ्यांदा आलो. लोक म्हणतात नापास होऊन आला. अनुभव घेऊन आलो, असं कुणी म्हणत नाही. सिव्हिल इंजिनिअरच्या लायसन्सच्या परीक्षेला देशभरातून हजारो पोरं बसतात आणि त्यातल्या बहुतेकांना परीक्षा कशाशी खातात हेच ठाऊक नसतं. मला तीनदा ठाऊक झालं आहे.

पहिल्या वेळी कॅल्क्युलेटरची बॅटरी गेली. दुसऱ्या वेळी पुढच्या बाकावरचा माणूस पाच तास नाक ओढत होता. तिसऱ्या वेळी सगळं बरोबर होतं, तपासणाऱ्या मशीनचं काहीतरी बिनसलं असणार. यंदा बॅटऱ्या जास्तीच्या घेतल्या आहेत.

निघताना दोहाहून लूझताईचा फोन. ती तिथे नर्स आहे, माझ्या क्लासचा खर्च करते, त्यामुळे आपल्याला बोलायचा अधिकार आहे असा तिचा समज आहे. म्हणाली, रोडेल, ही शेवटची खेप. नोव्हेंबरात पास झालास तर सगळ्या गल्लीला जेवण घालीन. नाही झालास तर मुकाट्यानं गावी जायचं आणि भावोजींबरोबर ब्लॉकच्या कारखान्यात उभं राहायचं. कारखाना कसला! आमच्या परसात चार साचे आणि एक पत्र्याची शेड. मॅक्सिमोभावोजी दिवसभर सिमेंट नि वाळू कालवतात, साच्यात भरतात, उपडी करतात. शेंबडी पोरं समुद्रावर हेच करतात, फक्त त्याचे पैसे मागत नाहीत.

गावात मला गेली कित्येक वर्षं सगळे 'इंजिनिअर' म्हणूनच हाक मारतात. लायसन्स ही आता नुसती कागदी बाब उरली आहे.

१७ जून
वेळापत्रक केलं. पहाटे पाचला उठणे. गणित निळं, पाणी आणि माती हिरवी, बांधकाम लाल. फार देखणं झालं.

आज नऊला उठलो, पण वेळापत्रक तेव्हा झालंच नव्हतं. उद्यापासून.

१९ जून
चारिंगमावशीच्या बोर्डिंग हाऊसमध्ये मला नेहमीची खिडकीजवळची खाट मिळाली. मावशी म्हणाली, आलास का रे बाबा, गादी तशीच ठेवलीय तुझी. बाईला आपुलकी आहे, पण बोलण्यात पाचपोच नाही.

खोलीत दोन नवे प्राणी आले आहेत. ओठ पिळले तर दूध निघेल असे. एक जेरिको, समार बेटावरचा. बॅगेत कपड्यांपेक्षा सुकी मासळी जास्त. दुसरा थर्डी. आजोबांचं, बापाचं आणि याचं नाव एकच, म्हणून हा तिसरा. ज्या घराण्याला तीन पिढ्यांत दुसरं नाव सुचलं नाही, त्यांच्याकडून स्ट्रक्चरल डिझाइनची काय अपेक्षा ठेवायची? खालच्या मजल्यावर मुली. त्यातली अ‍ॅनालिन माद्रियागा या दोघांच्या कॉलेजची. चष्मा. बोलते कमी, बघते फार.

मी तीनदा परीक्षा दिली आहे हे कळल्यावर तिघंही जवळ सरकली. मग जेरिको म्हणाला, दादा, म्हणजे काय येतं आणि काय येत नाही ते तुम्हाला तोंडपाठ असेल. पोरगं माणसं ओळखतं.

२१ जून
आज जेवणाच्या टेबलावर तिघांना माझा सिद्धांत सांगितला. वाचायचं काय हे कुठलाही क्लासवाला सांगेल. सोडायचं काय हे कळायला अनुभव लागतो. अभ्यासक्रम समुद्राएवढा, डोकं वाटीएवढं. म्हणून सोडा. शहाणा माणूस सोडतो.

थर्डीनं विचारलं, उदाहरणार्थ काय सोडू? मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, मोजणीची टेप. उन्हात टेप किती लांबते, मधे झोळ पडला तर किती चुकते, हे सगळं आजोबांच्या काळातलं. आता उपग्रहावरून मोजतात. कोण विचारणार?

तिघांनी माना डोलावल्या.

२२ जून
नऊला उठलो. नक्की उद्यापासून.

३० जून
क्लास. काबिगटिंग सर. हा माणूस आयुष्यभर माती किती खचते यावर बोलत आला आहे. त्यांचा आवाजही आता खचला आहे. मला बघून म्हणाले, मकाराएग, तू परत? सगळा वर्ग हसला. मी शांतपणे म्हटलं, सर, तुम्हीही परतच आहात की. यावर कुणी हसलं नाही, कारण विनोद वरच्या पातळीचा होता.

मागच्या रांगेत बसलो. मागून सगळा वर्ग दिसतो. हे पुढे बसणाऱ्या घासूंना कधी कळायचं नाही.

११ जुलै
क्लासची पहिली सराव परीक्षा. मी बसलो नाही. ज्याला स्वतःविषयी शंका आहे त्यानं सराव करावा.

पोरं मात्र पडेल चेहऱ्यानं परतली. टेपवर पाच प्रश्न आले होते म्हणे. थर्डी सरळ म्हणाला, दादा, तुम्ही आम्हाला बुडवलंत. मी समजावलं, की सराव परीक्षा काढणारे काबिगटिंग सर, बोर्डाचे पेपर काढणारे वेगळे. खऱ्या परीक्षेत बघा. पोरांचा काही विश्वास बसला नाही. संध्याकाळी मला वगळून तिघं चौकात लापशी खायला गेली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

१४ जुलै
नवल झालं. अ‍ॅनालिन आपण होऊन बोलायला आली. केळ्याची गोड भजी घेऊन. विचारलं, दादा, पहिल्या वेळी तुम्ही काय सोडलं होतं? सांगितलं, रस्त्यांची वळणं. मग पेपरात काय आलं? आता आठवलं तर वळणंच आली होती, त्या वर्षी पेपर फारच विचित्र होता. दुसऱ्या वेळी? धरणाच्या दारावरचा पाण्याचा दाब सोडला होता. आला का? आला, पण तो योगायोग. तिसऱ्या वेळी? मातीचं खचणं.

सगळं सांगून झाल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचा चेहरा असा काही उजळला की तिच्या घरी जणू जत्रा आली. दादा, तुम्हाला तुमची किंमत माहीत नाही, असं म्हणाली आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून गेली. खालून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

इतक्या वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. भजीही चांगली होती.

१६ जुलै
थर्डीनं माफी मागितली. आता रोज सकाळी कॉफी तो आणणार. फक्त एक करायचं, म्हणाला, रोज आम्हाला सांगायचं, आज काय सोडायचं. मी म्हटलं, तुमची तयारी असेल तर माझी ना नाही.

आजचं उत्तर दिलं: लाकडी तुळया. भूकंपाच्या देशात, काँक्रीटच्या जमान्यात, लाकूड! कोण घर बांधतं लाकडाचं? सुतार. मग सुताराला विचारा.

तिघं लगेच उठली. कसली तरी घाई होती त्यांना.

२ ऑगस्ट
तीन दिवस गल्लीत गुडघाभर पाणी. क्लास बंद. अभ्यासाला सोन्यासारखा वेळ. पण पावसात डोकं जड होतं, हे वैज्ञानिक सत्य आहे.

थर्डीच्या उशाशी लाकूडकामाचं जाडजूड पुस्तक दिसलं. सगळं पेन्सिलनं रंगवलेलं. मी विचारलं, हे काय? सोडायला सांगितलं होतं ना? तो जरा गडबडला. जेरिको मधेच म्हणाला, दादा, ते किती टाकाऊ आहे हे नीट कळावं म्हणून वाचतोय. मला भरून आलं. शिष्य असावा तर असा. गुरूचं मत नुसतं ऐकत नाही, पडताळून बघतो.

१९ ऑगस्ट
आता खालच्या मजल्यावरच्या मुलीही येतात. शेजारच्या बोर्डिंगमधलीही दोन पोरं आली. माझ्या खाटेभोवती गोल करून बसतात. मी एकेक विषय घेतो आणि त्याची सालं काढतो. पाण्याचे पाइप: प्लंबरचं काम. व्याजाचं गणित: बँकेच्या कारकुनाचं. पायाखालची माती: गाडलेलं कोण बघतं? मी जितका जास्त वैतागतो तितकी ती खूश होतात. मधे एका विषयाबद्दल मी म्हटलं, ठीक आहे, बरा आहे. तर सगळ्यांची तोंडं पडली. अ‍ॅनालिन म्हणाली, दादा, नीट आठवून सांगा ना, चीड येते की नाही? मी आठवून पाहिलं. थोडी आली. तिनं पान उघडलं.

अशा शिकवण्यानं माणूस थकतो. स्वतःच्या अभ्यासाला त्राण राहत नाही. वेळापत्रक भिंतीवर आहेच.

८ सप्टेंबर
आज एक गोष्ट लक्षात आली. मी म्हटलं, प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट शंभर टक्के येणार, लेको, रक्त आटवा त्यावर. मोठमोठे पूल त्याचेच असतात. हे वाक्य तोंडातून पडलं मात्र, सगळ्यांनी ते पुस्तक मिटलं आणि सुटकेचा श्वास सोडला. जेरिकोनं तर आपलं पुस्तक मावशीला पंख्याखाली टेकू द्यायला देऊन टाकलं. म्हणजे यांचं ते आधीच पक्कं झालं होतं. माझा हात लागला की पोरं अशी झपाट्यानं पुढे जातात.

प्रीस्ट्रेस्ड मीही वाचायला घेतलं. प्रस्तावना झाली.

२० सप्टेंबर
दुसरी सराव परीक्षा. अ‍ॅनालिन पहिली, थर्डी चौथा, जेरिको विसाच्या आत. काबिगटिंग सरांनी म्हणे वर्गात विचारलं, तुम्ही कुणाकडे शिकता रे? पोरांनी माझं नाव सांगितलं. सर पाणी पीत होते, त्यांना जोराचा ठसका लागला.

जळतात. जळू देत.

लूझताईला फोन करून सांगितलं, माझे विद्यार्थी पहिले आले. ती म्हणाली, तुझे काय आले? बायकांना मुद्दा कळत नाही.

१२ ऑक्टोबर
नऊला उठलो. घोडामैदान जवळ आलं आहे, म्हणून वेळापत्रक नव्यानं केलं. या खेपेला दोनच रंग. बांधकामावर जोर.

कॅल्क्युलेटरला नवीन कव्हर शिवून घेतलं.

२५ ऑक्टोबर
पोरांनी सांता क्लाराच्या मठात अंडी वाहायला जायचं ठरवलं. परीक्षेआधी तिथल्या जोगिणींना अंडी द्यायची, त्या प्रार्थना करतात, पास होतो. कोंबडीनं घातलेल्या अंड्यावर लायसन्स मिळायला लागलं तर सगळ्या पोल्ट्रीवाल्यांच्या नावापुढे 'इंजिनिअर' लावावं लागेल. हे मी स्पष्ट बोललो. म्हटलं, शुद्ध अडाणीपणा, याचा काडीचा उपयोग होत नाही.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. थर्डी म्हणाला, दादा असं म्हणतायत म्हणजे आपण दोन डझन नेऊ या.

माझा उपहास त्यांना कधी कधी कळत नाही.

२८ ऑक्टोबर
सहज फिरायला म्हणून बाहेर पडलो. सहजच अर्धा डझन अंडी घेतली. मठाच्या दिशेनं जाणारी जीप गच्च भरलेली, आणि त्यात काबिगटिंग सरांसारखा कुणीतरी दिसला. परत आलो. अंडी उकडून खाल्ली. मेंदूला प्रथिनं लागतात, सांता क्लारा समजून घेईल.

परीक्षेची आदली संध्याकाळ, नोव्हेंबर
चारिंगमावशीनं चिकट भाताचा गोड पदार्थ केला. खाल्लं की वाचलेलं डोक्याला चिकटून राहतं म्हणे. मला दोन वाट्या वाढल्या. म्हणाली, तुला काय चिकटवायचं असेल ते देव जाणे, पण खा.

लूझताईचा निरोप: नीट झोप. भावोजींचा निरोप: शेडमध्ये तुझ्यासाठी खुर्ची घेतली आहे. शुभेच्छा द्यायची पद्धत बघा! खुर्ची घ्यायला मी कुठे येतोय तिकडे?

मन शांत आहे. थोडं धडधडतं, पण ते भातामुळे.

परीक्षा, पहिला दिवस
सकाळी गणित आणि मोजणी, दुपारी पाणी आणि माती. बसायची जागा आडनावाच्या अक्षरानं, त्यामुळे मकाराएग आणि माद्रियागा एकाच खोलीत. अ‍ॅनालिन माझ्या मागच्या बाकावर. आत जाण्यापूर्वी व्हरांड्यात म्हणाली, दादा, शेवटचं, आज काय नक्की येणार नाही? मी म्हटलं, धरणाचं दार. एकदा येऊन गेलंय, आता बास. आजूबाजूच्या दहाबारा अनोळखी पोरांनी एकदम एकच पान उघडलं. माझी कीर्ती इथवर आली आहे.

धरणाचं दार आलं. टेपही आली. माती खचलीच. पेपर काढणाऱ्याला माझ्याशी काय वैर आहे कळत नाही. पण उरलेले प्रश्न मी आत्मविश्वासानं सोडवले. चार पर्यायांतला जो मनाला भावला तो.

बाहेर येताना पेन्सिल मोडून बाकाखाली टाकली. परीक्षा झाली की पेन्सिल मोडायची, म्हणजे पुन्हा द्यावी लागत नाही. ही रीत मात्र मला पटते.

दुसरा दिवस
पेन्सिल मोडायची ती शेवटच्या पेपरानंतर, हे आत बसल्यावर आठवलं. दुसरी आणली नव्हती. अ‍ॅनालिननं मागून दिली. म्हणाली, घ्या दादा, तुमचे खूप उपकार आहेत. पेन्सिलच्या बदल्यात उपकार माझे! मोठी गुणी मुलगी.

प्रीस्ट्रेस्ड आलं नाही. एकही प्रश्न नाही. लाकडी तुळया मात्र अशा आल्या, जणू आख्खा देश सुतारांच्या स्वाधीन करायचा आहे.

तरीही पास होईन. मशीन नीट चाललं तर नक्की.

निकाल
यादीत मकाराएग आहे. पण तो मकाराएग, डॅनिलो. कोण हा डॅनिलो? आमच्या घराण्यात या नावाचा इंजिनिअर नाही. खालून वर, वरून खाली पुन्हा पाहिलं.

खाली माद्रियागा, अ‍ॅनालिन. देशात सातवी. थर्डी पास. जेरिको पास. शेजारच्या बोर्डिंगमधली पोरं पास. खालच्या मजल्यावरच्या मुली, सगळ्या.

मावशीनं जेवायला हाक मारली. भूक नाही म्हणून सांगितलं. मग ती ताट वर घेऊन आली आणि काही न बोलता ठेवून गेली. ती बोलली नाही याचंच जास्त वाईट वाटलं.

निकालानंतरचा रविवार
पोरांनी पार्टी दिली. भाजलेली कोंबडी, शेवया, केक. केकवर माझं नाव. मला मधल्या खुर्चीत बसवलं. थर्डीचा बाप आला होता, म्हणजे दुसरा. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ सोडला नाही.

मग अ‍ॅनालिन बोलायला उभी राहिली. देवाचे, आईबापांचे, काबिगटिंग सरांचे आभार मानले. मग म्हणाली, पण एक माणूस नसता तर आम्ही इथे नसतो. आमच्याकडे पुस्तकं दहा होती आणि वेळ एकाचा होता. काय वाचायचं हे कोण सांगणार? तेव्हा रोडेलदादा भेटले. दादांना जो विषय टाकाऊ वाटतो तो येतोच. तीन परीक्षांत एकदाही चुकले नाहीत. आम्ही दादा सोडायला सांगतील ते वाचलं, आणि वाचायला सांगतील ते सोडलं. सगळे हसले, मग सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. जेरिकोच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंखुरं पाणी. ती माझी थट्टा करत नव्हती. आभारच मानत होती.

मीही हसलो. केक कापला.

आता लिहिताना रागाचे चार शब्द सापडताहेत का बघतोय. गाढवं, कृतघ्न वगैरे. पण खरं म्हणजे वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मन लावून माझं ऐकत होतं.

दुसऱ्या दिवशी
चारिंगमावशी म्हणाली, खाट फुकट देते, जेवण फुकट, तू फक्त इथेच राहा. एप्रिलच्या परीक्षेची पोरं आत्ताच विचारायला लागली आहेत, तो सोडायला सांगणारा दादा तुमच्याकडेच ना? मी म्हटलं, मावशी, मी माणूस आहे. ती म्हणाली, अरे, मग माणसालाच देतेय ना.

बॅग भरली. दारात नवीन पोरं उभी होती, हातात कॉफी. काहीही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. एकानं नुसतं विचारलं, दादा, पोलादी सांध्यांचे बोल्ट कसे वाटतात? मी ओठ घट्ट मिटले. पण बोल्ट म्हटल्यावर माझ्या तोंडावर जे काही झालं असेल ते झालं. पोरगं थँक यू दादा म्हणालं आणि पळत गेलं.

३ डिसेंबर, गावी
खुर्ची खरंच घेतली आहे. शेडच्या सावलीत, पंख्यासमोर, उशीसकट. भावोजींनी गाडीवरून बॅग स्वतः उतरवली. मी आल्या आल्या सांगितलं, नापास झालो. ते म्हणाले, माहीत आहे, चहा घे.

मग वाळूचे दोन ट्रक आले, एक लाल आणि एक निळा. भावोजींनी विचारलं, कुठला उतरवू? लाल ट्रकमधली वाळू बघताक्षणी मला भिकार वाटली. पण आता मी शहाणा झालो आहे. आपलं मत उलटं करून सांगायचं असं बसमध्येच ठरवलं होतं. म्हटलं, लालमधली एक नंबर आहे, डोळे मिटून घ्या. भावोजींनी वाळूकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाले, तोंडानं चांगली म्हणतोयस, पण नाक मुरडलंस. म्हणजे चांगलीच असणार. लाल उतरव रे.

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, सांगायचं काय त्यात? हा धंदा काढायचा की नाही म्हणून मी आणि तुझी ताई रात्रंदिवस डोकेफोड करत होतो. तू म्हणालास, या गावात ब्लॉक कुत्रं विकत घेणार नाही. त्याच आठवड्यात साचे आणले. शेड कुठे घालायची, सिमेंट कुणाकडून घ्यायचं, सगळं तुझ्यामुळेच. आता तर शाळेच्या भिंतीची ऑर्डर आहे. फोनवर विचारलं की तुझं तोंड दिसत नाही ना, म्हणून तुझी ताई केव्हापासून म्हणतेय, त्याला इकडे बोलावू या.

हे सगळं ते अगदी प्रेमानं बोलत होते. वाळूत खडा नव्हता, माती नव्हती.

१० डिसेंबर
ब्लॉकवर पाणी मारलं. खुर्चीत बसलो. भावोजींनी तीन प्रश्न विचारले, तीन उत्तरं दिली, तिन्हींच्या उलट त्यांनी केलं आणि तिन्ही वेळा बरोबर निघालं. गल्लीत अजून सगळे मला इंजिनिअरच म्हणतात.

दुपारी एकटाच होतो. एप्रिलच्या परीक्षेचा विचार आला आणि आतून, अगदी तळातून वाटलं की मी त्यात नापासच होणार. कधीच पास होणार नाही. असं मला आजवर एकदाही वाटलं नव्हतं. मनात काही खोटं नव्हतं, नाटक नव्हतं. रडूच आलं. शेडमध्ये कुणी नव्हतं म्हणून बरं.

लूझताईला फोन लावला. म्हटलं, ताई, मी एप्रिलला बसलो तर नापास होणार, मला खात्री आहे.   तिनं हळूच विचारलं, खात्री? मनापासून? मी म्हटलं, मनापासून. ती म्हणाली, फॉर्म भर. पैसे मी पाठवते. आजच भर, रोडेल!

 तिला माझ्याबद्दल अशी आशा वाटलेली मी कधी ऐकलीच नव्हती. माझी छाती भरून आली. म्हटलं, भरतो ताई, आणि बघच तू, या वेळी नुसता पास नाही, पहिल्या दहात येतो की नाही.

 ती म्हणाली, मग राहू दे.

उद्या सकाळी शाळेच्या भिंतीचे ब्लॉक भरायचे आहेत. भावोजींनी पाचला उठायला सांगितलं आहे.